बंद अ‍ॅप आणि बाईंच्या ओव्या

मॅकवर नवं उतरवलेलं अ‍ॅप उघडायला जावं, तर कधी कधी एक इंग्रजी निरोप समोर येतो. या अ‍ॅपमध्ये तुमच्या संगणकाला अपाय करणारं काही नाही ना, याची अ‍ॅपलला खात्री करता आली नाही, अशा अर्थाचा. खाली दोनच बटणं असतात, 'डन' आणि 'मूव्ह टू ट्रॅश'. तसंच राहू द्या किंवा टाकून द्या. उघडण्याचं बटण तिथे नसतंच. पुण्यात अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाची कामं करणाऱ्या माझ्यासारख्यांना हा निरोप पाठ झाला आहे, कारण मराठीला लागणारी कितीतरी छोटी अवजारं कुणा एकट्या माणसाने पदरमोड करून बनवलेली असतात, आणि ती नेमकी इथेच अडतात.

मी याच्याशी नव्याने भिडले ते बाईंच्या ओव्यांमुळे. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. नोकरीची बहुतेक वर्षं मुळशी आणि मावळात गेली. शाळा सुटल्यावर त्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसायच्या आणि जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घ्यायच्या. सासर, माहेर, भाऊ, पंढरीची वाट, पोटातलं बाळ, मेलेलं बाळ. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तो सगळा संग्रह अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला. पुस्तक निघालं नाही. वह्यांना पुढे वाळवी लागली. उरली ती एक सीडी, प्लास्टिकच्या डबीत, वर बाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात 'ओव्या – अंतिम' असं लिहिलेली. कोथरूडच्या घरी ती माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडे उघडते का बघ. ज्या बायकांनी सांगितलं त्यातली एकही आता नाही."

सीडी वाचता आली. पेजमेकर या पानं जुळवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली एका ओळखीच्या छापखान्यातल्या जुन्या विंडोज मशिनवर उघडून मजकूर साध्या टेक्स्टमध्ये काढला. पण समोर आलं ते मराठी नव्हतं. रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस आणि वरती टिंबं असलेली युरोपीय अक्षरं यांचा नुसता गलका होता.

असं का होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण हे पुण्याच्या अगदी जवळचं आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली, आणि तिथल्या जिस्ट तंत्रज्ञानातून, 'आयएसएम'सारख्या प्रणालींतून भारतीय भाषा संगणकावर वावरू लागल्या. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' ही फाँट आणि टायपिंगची प्रणाली महाराष्ट्रातल्या डीटीपीच्या दुकानांत पोचली. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना स्वतःचे ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची आणि तिच्यात देवनागरी होतीच, पण सर्वसामान्य विंडोजवर ती नीट दिसायला लागली ती विंडोज २००० आणि त्याच्या मंगल फाँटपासून. मधल्या काळात संगणक देवनागरी लिहायचा ती रोमन अक्षरांच्या जागा उसन्या घेऊन. इंग्रजीच्या एखाद्या अक्षराच्या घरात 'क'चं चित्र, दुसऱ्याच्या घरात अर्धा 'त'. तो ठरावीक फाँट असला की पानावर सुंदर मराठी, फाँट नसला की हा गलका. त्या काळातल्या लोकांनी हातात होतं त्यात मराठी छापून दाखवली, याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या वर्षांतलं किती लेखन आज अशा सीड्यांमध्ये बंद पडून असेल, या विचाराने जीव कासावीस होतो.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणणं म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरं ठेवणं एवढंच नव्हे. 'पहिली' घ्या. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे 'ह'च्या आधी टाइप झालेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने 'ह'च्या नंतर साठवली जाते. 'सूर्य'मधला रफार जुन्या फाइलीत 'य'च्या मागून येतो, युनिकोडमध्ये 'य'च्या आधी. जोडाक्षरावर रफार आणि त्यावर पुन्हा अनुस्वार असला की कसोटीच. प्रत्येक फाँटचा नकाशा, म्हणजे कुठल्या घरात कुठलं चित्र, वेगळा, आणि ओव्यांमध्ये तर बोलीतली रूपं, शब्दकोशात न सापडणारी. इथे शब्द ताडून पाहून दुरुस्त करणारं यंत्र चालत नाही. क्रम अचूक लावणारं अवजारच लागतं.

असं अवजार पुण्यातल्याच एका निवृत्त अभियंत्याने बनवलेलं होतं. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. फुकट देतात. बाईंच्या फाइलींत वापरलेल्या फाँटचा नकाशा त्यांनी अक्षर-अक्षर तपासून तयार केला आहे. मी ते उतरवलं, दोनदा क्लिक केलं आणि वर सांगितलेला निरोप आला.

आता संगणक हे नेमकं कशावरून ठरवतो? अ‍ॅपच्या पोटात शिरून त्याने चांगलं-वाईट पारखलं, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर पहिली गोष्ट घडते ती फाइल उतरताना. ब्राउझर तिच्यावर एक खूण लावून ठेवतो की ही बाहेरून आली, अमक्या वेळी, अमक्या प्रोग्रॅममधून. मॅकवर ही खूण २००७ च्या लेपर्ड आवृत्तीपासून आहे. विंडोजवर तिचं भावंड २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून. २०१२ मध्ये मॅकवर 'गेटकीपर' नावाचा पहारेकरी आला आणि खूण असलेलं अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना विचारणा सुरू झाली की यावर कुणाची डिजिटल सही आहे का. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून नुसती सही पुरेनाशी झाली. अ‍ॅप आधी अ‍ॅपलकडे पाठवून तिथल्या स्वयंचलित तपासणीतून पास करून घ्यावं लागतं. याला नोटरायझेशन म्हणतात. माणूस बसून बघत नाही, यंत्रच चाळणी लावतं, बहुतेकदा काही मिनिटांत.

त्या सहीला मी पतसंस्थेतल्या जामीनदाराच्या जागी ठेवून बघते. जामीनदाराच्या सहीने कर्जदार सज्जन ठरत नाही. उद्या हप्ते थकले तर कुणाचं दार वाजवायचं, एवढंच त्यातून ठरतं. अ‍ॅपवरच्या सहीचंही तेवढंच. भानगड निघाली तर अ‍ॅपल ते प्रमाणपत्र रद्द करू शकतं आणि अ‍ॅप सगळीकडे बंद पडतं. ही मोठी सोय आहे आणि तिची गरज आहे. पण 'सही नाही' याचा अर्थ 'घातक आहे' असा घेतला, तर सरांसारख्या माणसावर अन्याय होतो.

जाता जाता एक सांगण्यासारखं. ही खूण लावतो तो उतरवणारा प्रोग्रॅम. पेनड्राइव्हवरून आलेल्या वस्तूवर ती सहसा नसते. विंडोजची खूण तर एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते, बाजारातले बहुतेक पेनड्राइव्ह फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात, त्यावर कॉपी केली की ती गळून पडते. म्हणजे सरांच्या पानावरून स्वच्छ उतरवलेलं अ‍ॅप अडवलं जातं आणि बाजीराव रस्त्यावरच्या चार दुकानांतून फिरून आलेल्या पेनड्राइव्हमधलं अ‍ॅप पुष्कळदा न विचारता चालू होतं. आमच्या व्यवसायात सगळी देवाणघेवाण अजून पेनड्राइव्हवर चालते, म्हणून हे मी भेटेल त्याला सांगते.

दार उघडायची रीत तशी सोपी आहे, पण दर काही वर्षांनी बदलते. पूर्वी अ‍ॅपवर राइट क्लिक करून 'ओपन' म्हटलं की संमतीचं बटण मिळायचं. २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीने ती वाट बंद केली. आता एकदा अ‍ॅप उघडून बघायचं, निरोप आला की 'डन' म्हणायचं, मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त अगदी खाली जायचं. तिथे अ‍ॅपचं नाव आणि 'ओपन एनीवे' असं बटण दिसतं. ते साधारण तासभरच तिथे राहतं, नंतर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी अ‍ॅडमिनचा पासवर्ड. विंडोजवर निळी खिडकी आली तर 'मोअर इन्फो' दाबल्यावर 'रन एनीवे' दिसतं, किंवा फाइलीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अनब्लॉक'ची चौकट असते.

पण सगळे नकार एका जातीचे नसतात, आणि इथे लोक फार वेळ वाया घालवतात. ३२ बिटचं जुनं अ‍ॅप कॅटालिनापासून मॅकवर चालतच नाही. त्याला कितीही परवानगी दिली तरी उपयोग शून्य. 'अ‍ॅप खराब झालं आहे, ट्रॅशमध्ये टाका' असा निरोप येतो, तेव्हा फाइल खरंच अर्धवट उतरलेली असू शकते किंवा सही तुटलेली किंवा मुळातच नसलेली असू शकते. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर तर तिच्यासाठी बनलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला निदान नावापुरती का होईना सही लागतेच. निरोप नीट वाचावा. बहुतेक लोक तो न वाचताच मला फोन करतात.

सरांच्या अ‍ॅपची ही खटपट चालू असतानाच चिंचवडहून आत्याचा फोन आला. तिला व्हॉट्सॲपवर वाहतुकीच्या दंडाचं चलान आलं होतं, आणि ते उघडायला फोन काहीतरी परवानगी मागत होता. फाइल एपीके होती, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी. अशा एपीके लग्नपत्रिकेच्या नावाने येतात, थकलेल्या वीजबिलाच्या नावाने येतात, बँकेच्या केवायसीच्या नावाने येतात. आत गेल्या की एसएमएस वाचतात, ओटीपी पळवतात आणि खातं रिकामं करतात. मी आत्याला म्हटलं, "काही दाबू नकोस, आधी ते पुसून टाक. फोन नको म्हणतोय ना, मग नकोच." पैसे गेलेच असते तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर करायचा, हेही तिच्याकडून पाठ करून घेतलं.

फोन ठेवला आणि मी मॅकवर पुन्हा तेच दार उघडायला बसले. आत्याला नको म्हणायला सांगणारी मी स्वतः हो म्हणणार होते. या प्रश्नाने मला खूप छळलं, कारण माझं पाहून उद्या बाई, छापखान्यातली मुलं, आणखी कुणीकुणी 'ओपन एनीवे' दाबायला शिकणार. बटण तेच. धोक्याची पाटीही जवळजवळ तीच. मग फरक कुठे आहे?

मला सापडलेला फरक असा. सरांच्या अ‍ॅपकडे मी गेले होते. माझी गरज आधी होती, ती घेऊन मी शोधत निघाले, काम करणाऱ्या चारजणांना विचारलं, आणि त्यांच्या बोलण्यातून त्या पानापर्यंत पोचले. चलान आत्याकडे आलं होतं. तिने काही मागितलं नव्हतं, आणि आल्या आल्या ते घाई करत होतं, आजच भरा, नाहीतर दंड दुप्पट. न मागता दारात आलेली आणि घाई करणारी वस्तू कुणाच्याही नावाने आलेली असो, अडलेलीच बरी. आपण होऊन शोधत गेलेल्या वस्तूसाठी दार उघडायला हरकत नाही, फक्त उघडण्याआधीची तपासणी मग आपल्या अंगावर येते. संगणकाने ती करायला नकार दिलेला असतो, एवढाच त्या निरोपाचा अर्थ.

आणि ही तपासणी सही असलेल्या अ‍ॅपचीसुद्धा करावी, असं माझं ठाम मत आहे. मार्च २०१६ मध्ये 'ट्रान्समिशन' या नावाजलेल्या अ‍ॅपच्या अधिकृत संकेतस्थळावरच कुणीतरी बिघडवलेली प्रत ठेवली. तिच्यात 'केरेंजर' नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर होतं. सही वैध होती, फक्त ती दुसऱ्याच कुणाच्या प्रमाणपत्राची होती, आणि गेटकीपरने ती आत सोडली. तीन दिवस गप्प बसून मग ते फाइली कुलूपबंद करायचं आणि एक बिटकॉइन मागायचं. अ‍ॅपलने प्रमाणपत्र रद्द केलं, पण तोवर काही संगणकांत ते शिरलं होतं. ऑगस्ट २०२० मध्ये तर फ्लॅश प्लेयरचं सोंग घेतलेलं 'श्लेयर' हे घातक सॉफ्टवेअर नोटरायझेशनच्या चाळणीतूनही पास झाल्याचं उघड झालं.

म्हणून मी सरांना फोन करून त्यांच्या फाइलीचा शा-२५६ ठसा मागवला. कुठल्याही फाइलीवरून गणित करून निघणारी ही ६४ अक्षरांची ओळ. फाइलीत एक बिट बदललं तरी ओळ पार बदलते. तो ठसा फाइलीच्याच पानावर लिहिलेला असेल तर त्याचा फारसा भरवसा धरू नये, कारण जो फाइल बदलेल तो ठसाही बदलेल. तो वेगळ्या वाटेने यायला हवा. सरांनी तो त्यांच्या स्वतःच्या संगणकावर काढून मला पाठवला, मी माझ्याकडच्या फाइलीवरून काढला, आणि दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून अक्षर-अक्षर जुळवून पाहिल्या. मुद्रितशोधन करणाऱ्या माझ्यासारखीला हे काम जड नाही. मग अ‍ॅप व्हायरसटोटल या तपासणीच्या संकेतस्थळावर चढवून अनेक अँटिव्हायरसांचं मत घेतलं. तिथे अ‍ॅप चढवायला हरकत नाही, पण आपला खासगी मजकूर कधीही चढवू नये, कारण तिथल्या फाइली इतरांपर्यंत पोचतात. एवढं झाल्यावर 'ओपन एनीवे'.

आमच्या व्यवसायात यावर एक रामबाण उपाय सांगतात, तो मला अजिबात मान्य नाही. गेटकीपर कायमचा बंद करून टाका. टर्मिनल या आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून एकदा आज्ञा दिली, नव्या आवृत्त्यांत ती सेटिंग्जमध्ये पक्की केली, की कटकट संपली. विंडोजवर त्याचं रूप म्हणजे 'आधी अँटिव्हायरस बंद करा', आणि ही सूचना बहुधा चोरलेल्या फाँट-सॉफ्टवेअरच्या क्रॅकबरोबर येते. ज्या पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून क्विक हीलसारखी अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली, त्याच पुण्यात मराठी टाइप करण्यासाठी अँटिव्हायरस बंद ठेवलेली यंत्रं मी पाहिली आहेत. त्या यंत्रांत लोकांचे प्रबंध असतात, पत्रिका असतात, आधार कार्डाच्या प्रती असतात. एका अ‍ॅपला परवानगी द्यायची असेल तर त्या एकालाच द्यावी. दुसऱ्यांचा मजकूर सांभाळणाऱ्याने सरसकट दार उघडं टाकू नये.

आता सरांनी सही का केलेली नाही? मी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिलं. अ‍ॅपलच्या डेव्हलपर सदस्यत्वाला वर्षाला ९९ डॉलर, म्हणजे आठ हजार रुपयांच्या वर. अ‍ॅपमधून उत्पन्न शून्य. निवृत्तिवेतनातून ते दर वर्षी कशाला भरायचे? इंग्रजीतल्या अ‍ॅपला ही रक्कम किरकोळ वाटेल, कारण त्याला जगभर गिऱ्हाईक आहे. जुन्या मराठी फाँटमधला मजकूर सोडवणाऱ्या अ‍ॅपला गिऱ्हाईक किती? काही प्रकाशक, काही डीटीपीवाले, आणि बाईंसारखी माणसं. भाषेच्या दृष्टीने या अवजाराचं मोल मोठं आहे आणि बाजाराच्या दृष्टीने काहीच नाही. फोनवरही वारं त्याच दिशेचं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड उपकरणांवर, काही देशांपासून सुरुवात करून, निर्मात्याची ओळख पटवलेली अ‍ॅपच बसवता येतील. आत्याकडे आलेल्या एपीकेचा विचार केला की मला हे पटतं. सरांचा विचार केला की काळजी वाटते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि यातली छोट्यांची बाजू मांडायला मोठ्या कंपन्यांच्या दारात कुणी जाणार नाही. ती आपणच उचलायला हवी.

अ‍ॅप उघडलं. बाईंची पहिली फाइल आत टाकली आणि गलक्याच्या जागी 'पहिली माझी ओवी' उमटलं, वेलांटी 'ह'ला लागलेली, जिथल्या तिथे. सगळं एका फटक्यात आलं असं नाही. 'द्ध' आणि 'द्य'ची काही ठिकाणी अदलाबदल झाली होती, ती सरांनी नकाशा सुधारून नीट केली. छापील प्रत घेऊन गेले तेव्हा बाई मोठ्याने वाचत बसल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "ही त्या धनगरवाड्यातल्या आजींची. इथे 'माहेर' नाही, 'म्हायेर' हवं. त्या तसंच म्हणायच्या." सीडीतही 'म्हायेर'च होतं. मीच शोधनात सवयीने काही सुधारू नये म्हणून त्या आधीच सांगत होत्या.

त्यानंतर आम्ही काहीजण एकत्र आलो आहोत, अक्षरजुळणी करणारे, दोन छोटे प्रकाशक, एका ग्रंथालयातल्या मॅडम. सरांच्या सदस्यत्वाची फी वर्गणीतून भरायची असं ठरलं आहे. गणपतीला वर्गणी काढणाऱ्या गावाला हे जड जाऊ नये. संस्थेच्या नावाने नोंदणी करायची तर डी-यू-एन-एस हा संस्थांचा वेगळा ओळख क्रमांक आणि नोंदणीकृत संस्था लागते, म्हणून तूर्त ती सरांच्या नावाने होईल. पुढे सदस्यत्व खंडित झालं तरी रीतसर सही झालेली प्रत चालत राहते, फक्त नवी प्रत पास करून घेता येत नाही. सरांनी एक अट घातली आहे: अ‍ॅपचा सोर्स कोड आणि फाँटचे नकाशे खुले करायचे, आणि ते समजून घेणारी निदान दोन तरुण माणसं शोधून द्यायची. एक मिळाला आहे, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रविवारी सरांकडे जातो. दुसऱ्या माणसाच्या शोधात आम्ही आहोत. फाँटचे नकाशे वाचायला प्रोग्रॅमिंग यायलाच हवं असं नाही. मराठी जोडाक्षरांवर बारीक नजर असली आणि चिकाटी असली तरी पुरे. तशी व्यक्ती ओळखीत असेल तर जरूर सांगा.